शेकोटीभोवतीचा इतिहास : दारव्ह्याच्या परिसरातले तांडे आणि त्यांच्या गोष्टी

मंडळी, आजच्या व्याख्यानात आपण दारव्ह्याकडे जाणार आहोत. यवतमाळ जिल्ह्यातला हा तालुका. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचं नाव वणी होतं, दारव्हा तेव्हाही त्यातच होता. कापूस, तूर, ज्वारीचा मुलूख. दारव्हा, दिग्रस, पुसद, मानोरा या पट्ट्यात गावाला लागून, कधी गावापासून मैलभर दूर, बंजारा समाजाचे तांडे आहेत. गावात वऱ्हाडी बोलली जाते आणि तांड्यात गोरबोली. समुद्राचं तोंड न पाहिलेल्या या मुलखात तांडा म्हणजे भाषेचं बेटच म्हणायचं. या बेटावर रात्री काय सांगितलं जातं, आणि इतिहास म्हणून त्याचं काय करायचं, हा आजचा विषय.

दिवाळी सरली की या भागात रात्री गार पडायला लागतात. शेतात हरभरा, तूर, गहू उभा असतो, कापसाची वेचणी चालू असते. रानडुकरं आणि रोही यांच्यापासून पीक राखायला माणसं जागलीला जातात. जागल म्हणजे रात्रभर जागून राखण. मग बांधावर पऱ्हाट्या-तुराट्या पेटवायच्या आणि भोवती बसायचं. पऱ्हाटी भुरकन पेटते आणि भुरकन विझते, म्हणून मध्ये एखादं जाड लाकूड लागतंच. झोप येऊ नये एवढ्यासाठी गोष्ट सुरू होते. म्हणजे आपण जिला लोकसाहित्य म्हणतो, ती मुळात कामाचा भाग आहे. ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणत राहायचं असतं. हुंकार थांबला तर सांगणारा थांबतो, कारण गडी झोपला हे त्याला कळतं.

गोष्टींचं म्हणाल तर त्यात भुताखेतांच्या असतात, कोल्ह्या-वाघाच्या असतात, फजितीच्या असतात. त्यांचा विचार आज करणार नाही. त्यांच्या बहिणी जगभर सापडतात आणि तो अभ्यास वेगळा आहे. आपल्याला हवी ती दुसरी जात : 'आपण कोण, कुठून आलो' हे सांगणारी. तांड्यात गोष्टीला साकी म्हणतात. कुळांच्या, पूर्वजांच्या कथा सांगायला खास माणसं असत, ती म्हणजे भाट आणि ढाडी. ढाडी तांड्यातांड्यानं फिरायचा, ज्याच्या दारी बसेल त्याच्या कुळीची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं गायचा आणि त्याचं मानधन घ्यायचा. आपल्याकडे वहीत वंशावळ ठेवणारे असतात ना, तसाच हा. फरक एवढाच, की याची वही गळ्यात होती.

आता या साक्यांमधली एकच घेऊ आणि तिच्याजवळ जरा थांबू.

ती भंगी आणि जंगी या दोन नायकांची. हे राठोड कुळीचे. मोगली फौज दख्खनेत उतरली तेव्हा तिच्यासोबत धान्य घेऊन हे आले. त्यांच्याकडे १ लाख ८० हजार बैल होते, आणि भगवानदास नावाच्या दुसऱ्या नायकाकडे ५२ हजार. फौजेला वेळेवर दाणागोटा पोचावा म्हणून वजीर आसफ यानं त्यांना तांब्याच्या पत्र्यावर सोन्याच्या अक्षरांत सनद दिली. सनदेत मुभा काय? लोकांच्या रांजणातलं पाणी घ्या, छपरावरचं गवत घ्या, आणि दिवसाला तीन खून माफ. जिथे आसफचे घोडे, तिथे यांचे बैल.

ही गोष्ट कागदावर आली ती कुणाच्या हातून, हे फार बोलकं आहे. एन. एफ. कंबरलेज नावाचा वऱ्हाड पोलिसातला एक इंग्रज अधिकारी होता. त्यानं बंजाऱ्यांवर एक टिपण लिहिलं. ते बहुधा १८६९ चं, आणि १८८२ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. पुढे १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले, त्यातला बंजाऱ्यांवरचा लेख मुख्यतः या टिपणावर उभा आहे. आज कुठल्याही ग्रंथालयात बंजाऱ्यांचा इतिहास शोधायला जा, वाट याच दोन दारांतून जाते. म्हणजे एका फिरत्या समाजाची स्वतःबद्दलची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली ती पोलिसाच्या दौतीतून. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि देशाच्या काही भागांत बंजारा गटांवरही तो ठपका पडला. पोलिसाला जमात का जाणून घ्यायची होती, हे वेगळं सांगायला नको. त्यातलं 'तीन खून माफ' हे वाक्य अशा वाचकाला किती सोयीचं वाटलं असेल, याचा विचार करा.

पण आपण ते पोलिसासारखं वाचायचं का? तीनच मुद्दे पाहू.

पहिला, आकडा. १ लाख ८० हजार बैल. एका बैलाला आठ-नऊ फूट धरले आणि ते एकामागे एक चालवले, तर रांग साडेचारशे किलोमीटरच्या वर जाते. पुढचा बैल नागपूरला आणि मागचा नाशिकच्याही अलीकडे कुठेतरी. अर्थात बैल एका रांगेत चालत नसत, पसरून चरत जात. तरी एवढ्या जनावरांना एका वाटेवर चारा-पाणी मिळणं अवघडच. पण म्हणून आकडा फेकून द्यावा का? पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३० च्या दशकात उत्तर हिंदुस्थानात फिरला. त्यानं धान्य लादलेल्या १४ हजार बैलांचा एकच तांडा वाटेत भेटल्याचं लिहिलंय. असे अनेक तांडे एका नायकाचा शब्द मानत असतील, तर आकडा फुगवलेला असला तरी पोकळ नाही. तांड्यातला सांगणारा मोजणी करत नसतो, तो नायकाची उंची सांगत असतो.

दुसरा मुद्दा आसफचा. शाहजहानचा सासरा आणि वजीर आसफखान १६३१ मध्ये विजापूरवर चालून गेला होता. दख्खनेत तेव्हा भीषण दुष्काळ होता. वेढा फार टिकला नाही, फौजेला रसद पुरेना आणि आसफखानाला माघारी फिरावं लागलं. बघा, गंमत अशी की ज्या वजिरानं रसद पोचवण्याबद्दल सोन्याची अक्षरं दिली म्हणतात, त्याची मोहीम रसदीवाचूनच बसली! म्हणजे गोष्ट खोटी? आम्हाला उलट वाटतं. धान्य मिळत नव्हतं म्हणूनच धान्य आणणाऱ्याला वाटेल ते कबूल करायची पाळी आली असेल. शिवाय सनदेत नाव येतं ते 'आसफजाह'. हा किताब पुढे हैदराबादच्या निजामाच्या घराण्याचा झाला, आणि वऱ्हाड १८५३ पर्यंत त्याच निजामाच्या ताब्यात होतं. वऱ्हाडातल्या ऐकणाऱ्याला आसफ म्हटलं की डोळ्यांपुढे कोण येणार? शंभर वर्षांच्या अंतरावरचे दोन आसफ शेकोटीपाशी एक झाले असावेत. तोंडी परंपरेत हे नेहमी होतं. आणि त्यात एक हिशेबही असतो, कारण मेलेल्या वजिराच्या सनदेपेक्षा गादीवर बसलेल्या निजामाच्या पूर्वजाची सनद जास्त कामाची.

तिसरा मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रांजणातलं पाणी आणि छपराचं गवत. हे कुणाचं? शेतकऱ्याचं. दुष्काळात माणसं छपराचं गवत उपसून आपल्या बैलाला घालत. तोच शेवटचा चारा. तो घ्यायची परवानगी म्हणजे गावाच्या पोटावर पाय. तांड्यातल्या शेकोटीला ही गोष्ट मानाची आहे. तीच गोष्ट गावातल्या पारावर सांगितली तर गाऱ्हाणं होते. दोन्ही खरं. फौजेची व्यवस्था अशी होती की रसद वाहणारा आणि पीक काढणारा समोरासमोर उभे राहावेत, आणि मधला वजीर दोघांच्याही गोष्टीत मोठा व्हावा. बखरीत आणि शाही कागदांत मोहिमा मिळतात, वेढे मिळतात. उपसलेलं छप्पर या साकीत मिळतं. आम्ही तिला इतिहासाचं साधन म्हणतो ते एवढ्याचसाठी.

पुढचं थोडक्यात सांगतो. बैलांच्या पाठीवर माल लादून चालणाऱ्या या व्यापाराला बंजारा लदेणी म्हणतात. मीठ आत यायचं, वऱ्हाडचा कापूस बैलांवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. १८०३ च्या युद्धात, ज्यात अकोला जिल्ह्यातल्या अडगावची आणि पुढे गाविलगडाची लढाई झाली, आर्थर वेलस्लीची फौजही बंजाऱ्यांच्या धान्यावर चालत होती. मग आगगाडी आली. १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मार्गाची गाडी दारव्ह्यावरून धावू लागली. तीच आपली शकुंतला. दारव्ह्याच्या लोकांना तिच्याबद्दल किती जिव्हाळा आहे हे आम्ही जाणतो, पण तांड्याच्या बाजूनं पाहिलं तर लदेणी आगगाडीनंच संपवली. बैल विकले गेले, माणसं जिथं होती तिथं बसली, जमीन कसू लागली, मजुरी करू लागली. चालता तांडा थांबला, आणि चालण्याची आठवण गोष्टीत गेली.

तोंडी आठवणीवर विसंबून इतिहास लिहिता येतो का, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर विदर्भाच्याच मातीत आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या शेवटी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गोळा केल्या, तो ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र. मराठीतलं हे पहिलं चरित्र माणसांना विचारून विचारून लिहिलेलं आहे. पुढे धाडीत पोथी गेली, तर स्मरणातून ती पुन्हा उभी केली गेली, आणि जिथं दोघांचं स्मरण जुळलं नाही तिथं दोन्ही पाठ ठेवले गेले. 'कोण खरं' हे ठरवायची घाई केली नाही. सातशे वर्षांपूर्वीची ही शिस्त आजच्या किती संशोधकांकडे आहे, देव जाणे!

याच जिल्ह्यातल्या गोंडांच्या बाबतीत परधान हे काम करत, किंगरीच्या साथीनं. नागपूरचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप यानं लिंगोची कथा टिपून घेतली. १८६३ मध्ये तो ओढ्याच्या पुरात बुडून मेला आणि त्याचे कागद १८६६ साली रिचर्ड टेंपलनं छापले. कथा वाचली ती अशी योगायोगानं.

आता सध्याचं. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी आणि बंजारी ही मातृभाषा सांगणारे लोक हिंदीच्या खाली धरले आहेत. मिळून ते ४५ लाखांच्या वर जातात. गोरबोलीला स्वतःची रूढ लिपी नाही, पोरं मराठी शाळेत शिकतात. २०२४ मध्ये पोहरादेवीला बंजारा विरासत नंगारा वस्तुसंग्रहालय उभं राहिलं, ही चांगली गोष्ट झाली. तिथं वस्तू राहतील. पण साकी काचेच्या पेटीत कशी ठेवणार? तिला हुंकार लागतो. आणि हुंकार देणारा दिवाळीनंतर घरी नसतो. दिवाळी ते होळी हा गोष्टींचा हंगाम, आणि नेमका तोच ऊसतोडीचा, परगावच्या कामाचा हंगाम. अनेक तांड्यांत त्या चार महिन्यांत म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं तेवढी उरतात. सांगणारा आहे, ऐकायला नातू आहे, मधली पिढी कारखान्याच्या फडावर कोपीत. तिथंही चूल पेटते, पण पहाटे कोयता घेऊन निघायचं असतं, गोष्टीला रात्र उरत नाही. मोबाइलला दोष देणं सोपं आहे. आम्हाला त्याच्याआधी पोटाचा प्रश्न दिसतो.

म्हणून तुमच्यापैकी जे दारव्हा-दिग्रसकडचे आहेत, त्यांना एक काम सांगतो. तोच मोबाइल घ्या आणि आजीला, नायकाला, एखादा ढाडी भेटला तर त्याला बोलतं करा. गोरबोलीतच सांगू द्या, मराठी भाषांतर नंतर होईल. सांगणाऱ्याची परवानगी घ्या. त्याचं नाव, तांडा, तारीख आणि गोष्ट कुणाकडून ऐकली हे सुरुवातीलाच बोलून घ्या. मध्ये कुणी 'असं नाही, तसं होतं' म्हणालं तर त्याला गप्प करू नका, म्हाइंभट आठवा. आणि भंगी-जंगीची साकी मिळाली, तर शेजारच्या गावात जाऊन एखाद्या कुणब्याच्या म्हाताऱ्यालाही विचारा, की तांडे मुक्कामाला यायचे तेव्हा छपराच्या गवताचं काय व्हायचं. दोन्ही रेकॉर्डिंग एकाच ठिकाणी ठेवा. प्रश्न असतील तर आता घेऊ या.