बेसिनमागचा दगड : चामराजपेटच्या ओल्या भिंतीची गोष्ट

मंडळी, आज राजे नाहीत, लढाया नाहीत. आज बोलायचंय बेसिनच्या मागे भिंतीला लावतात त्या दगडी पट्टीबद्दल. फरशीवाले तिला सरसकट डॅडोच म्हणतात. ही पट्टी भिंतीवर चढायला बराच काळ लागला, आणि बंगळूरच्या चामराजपेटेत तो काळ नीट दिसतो.

बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, हे आपल्याला ठाऊक असतं. चामराजपेट मात्र फार पुढची. दहावे चामराजेंद्र वाडियार यांच्या नावाची ही वसाहत १८९२ सालची. शहराला नळाचं पाणी देणारा हेसरघट्ट्याचा तलाव १८९४ चा, दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळातला. म्हणजे पेठ आधी आणि नळ नंतर! त्याआधी पाणी विहिरीचं. न्हाणी घराच्या मागच्या अंगाला. कन्नडात तिला 'बच्चलु मने' म्हणतात, आणि तिथल्या 'हंडे'त आपला हंडा लगेच ओळखू येतो. दगड होता, पण पायाखाली. अंघोळीला, कपडे आपटायला. तोंड धुतलेलं पाणी खाली पडायचं आणि उताराने निघून जायचं. भिंतीचा त्याच्याशी फारसा संबंधच नव्हता.

१८९८ मध्ये प्लेग आला. दाटीच्या पेठांतून माणसं बाहेर पडली, बसवनगुडी आणि मल्लेश्वरम वसली, आणि हवा, उजेड, सांडपाणी हे घर बांधतानाचे प्रश्न झाले. पुढे नळ घरात शिरला, बेसिन कमरेएवढ्या उंचीवर भिंतीला टेकलं. आता शिंतोडे थेट भिंतीवर. जे काम जमिनीवरचा दगड करत होता ते भिंतीला करावं लागलं.

आणि भिंत कसली? जुन्या घरांत बहुधा चुन्याची. चुना ओल शोषतो आणि सावकाश बाहेर सोडतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापून वर ग्रॅनाइट बसवलं, की तोंडच बंद. जमिनीतून चढलेली ओल अडते, मग दगडाच्या वरच्या कडेला पापुद्रे सुटतात, पांढरे क्षार फुटतात. घरमालक वरच्या टाकीला दोष देत बसतो!

वजनही पाहा. चार फूट लांब, दीड फूट उंच, १८ मिलिमीटर जाड ग्रॅनाइट सुमारे २७ किलो भरतं. भुसभुशीत गिलाव्यावर ते टिकणार कसं? आधी भिंत टकटक वाजवून पोकळ भाग काढायचा, ओल कुठून येते ते शोधून थांबवायची, चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा देऊन तो पुरता वाळू द्यायचा. ग्रॅनाइट पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून साध्या सिमेंटच्या घोळाची पकड कच्ची राहते. दगडासाठीचं ॲडहेसिव्ह हवं. ओटा आणि पट्टी यांच्या सांध्यात पांढरं सिमेंट भरू नये. दोन्ही थोडे हलतात, सांधा तडकतो, पाणी मागे उतरतं. तिथे सिलिकॉन. संगमरवर हवाच असेल तर ॲसिडची बाटली न्हाणीघरातून हद्दपार करा.

दगडाला वयाची भीती नाही. जवळच्याच लालबागेतला खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. भिंत जेमतेम शंभरीची, आणि दुरुस्तीला निघाल्यावर विचार करायचा तो तिचा. म्हणून कारागिराला पहिला प्रश्न दगडाच्या रंगाचा विचारू नका. गिलावा खरवडल्यावर आत चुना निघाला की सिमेंट, ते विचारा.