स्टॉकिस्टची एनओसी

मांडव्याला मेडिकल काढायचं तर जागा, फार्मासिस्ट आणि अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवा. 1940 चा औषध कायदा तेवढंच मागतो. पण एखाद्या कंपनीचा स्टॉकिस्ट व्हायचं, तर देशभर वर्षानुवर्षं आणखी एक कागद लागायचा आणि तो सरकारी नव्हता. ती केमिस्ट संघटनेची एनओसी.

तिची मुळं मुंबईत सापडतात. केमिस्टांची अखिल भारतीय संघटना एआयओसीडी आणि ओपीपीआय, इडमा या उत्पादकांच्या संघटना यांच्यात करार झाले. स्टॉकिस्ट कसा नेमायचा आणि कुणाला किती मार्जिन, हे तिथं ठरलं. किंमत नियंत्रणाबाहेरच्या औषधांवर किरकोळ दुकानदाराला 20 टक्के, स्टॉकिस्टला म्हणजे ठोकवाल्याला 10. कर बाजूला ठेवला तर 100 रुपयांच्या पट्टीत दुकानदाराचे 20, उरलेल्या 80 तले 8 स्टॉकिस्टचे, कंपनीच्या हाती 72.

जुन्या स्टॉकिस्टची देणी आधी मिटावीत, बनावट माल शिरू नये, असं संघटना सांगत. ते अगदीच खोटं नव्हतं. मुदत संपलेला माल परत घ्यायला कंपनी टाळाटाळ करू लागली की एकट्या दुकानदाराचं कोण ऐकणार? पण दुकानदाराची ही ढाल पुढे दुसऱ्याच दुकानदाराला बाजाराबाहेर ठेवू लागली.

पहिला मोठा धक्का शेजारच्या गोव्यातून बसला. या प्रथेविरुद्ध 'वार्का ड्रगिस्ट'ची तक्रार एमआरटीपी आयोगाकडे होती. स्पर्धा कायद्याची कलमं मे 2009 मध्ये लागू झाली, जुना एमआरटीपी कायदा गेला आणि तक्रार स्पर्धा आयोगाकडे आली. जून 2012 मध्ये आयोगानं गोव्याच्या संघटनेला 2 लाखांचा दंड केला. फेब्रुवारी 2013 मध्ये खुद्द एआयओसीडीला दंड झाला, सुमारे 47 लाख 40 हजार. आकडा किरकोळ वाटतो, कारण तो संघटनेच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या 10 टक्क्यांवर बेतलेला होता, तिच्या शब्दावर हलणाऱ्या बाजारावर नव्हे. गोव्याच्या संघटनेविरुद्ध तर 2014 मध्ये पुन्हा आदेश काढावा लागला.

ऑक्टोबर 2018 च्या टिपणात आयोगानं चढ्या मार्जिनबरोबर इस्पितळांतल्या औषध दुकानांवरही बोट ठेवलं. मांडव्याहून बोटीनं मुंबईला नेऊन दाखल केलेल्या पेशंटचे नातेवाईक खालच्या मजल्यावरच्या दुकानातून औषध घेतात, तेव्हा तिथं एनओसी कुणी मागत नाही. तिची गरजच नसते. इस्पितळातल्याच दुकानातून औषध घ्यायच्या सक्तीचा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि मार्च 2025 मध्ये कोर्टानं तो धोरणासाठी राज्यांवर सोपवला.