घिबली की डेटोना?

मंडळी, आज दोन शेजाऱ्यांकडे बघू. मासेराती मोडेनाची, फेरारी तिथून जवळच्या मारानेल्लोची. मासेरातीनं १९६६ साली तुरीनच्या प्रदर्शनात घिबली आणली. दोन वर्षांनी पॅरिसला फेरारीची ३६५ जीटीबी/४ आली. तिला सगळे डेटोना म्हणतात. १९६७ साली डेटोनाच्या शर्यतीत फेरारीनं पहिले तिन्ही क्रमांक घेतले, त्यावरून ते नाव चिकटलं.

दोन्हींचं इंजिन पुढं, आणि दोन्ही गाड्या प्रत्येकी साधारण तेराशे-चौदाशेच बनल्या. तरी डेटोनाला आज कितीतरी जास्त भाव आहे. जुजारोनं रेखलेली घिबली आम्हाला तरी जास्त देखणी वाटते. पण खाली वाकून बघा, मागं अखंड अ‍ॅक्सल आणि चक्क ट्रकसारखे पाटे! डेटोनाची चारही चाकं स्वतंत्र, गिअरबॉक्ससुद्धा मागं. शिवाय मासेरातीचा कारखाना १९५७ नंतर शर्यतींतून बाहेर पडला होता, आणि भाव शर्यतीतल्या नावाला येतो.

आता खरी गोम ऐका. उघड्या डेटोना कारखान्यानं जेमतेम सव्वाशेच्या आसपास केल्या. त्यांचे भाव चढले तशी लोकांनी चांगल्या बंद गाड्यांची छपरं कापून टाकली! अशी गाडी चालते छान, दिसते छान, पण कारखान्यातून उघडी आलेल्या गाडीचा भाव तिला येत नाही. म्हणून रंग, चामडं नंतर. आधी चेसिस नंबर घ्यायचा आणि ती मुळात कशी बाहेर पडली, हे कारखान्याच्या नोंदीत बघायचं. उघड्या घिबलीही तेवढ्याच थोड्या आहेत, तेव्हा तिथंही हेच.