काचीगुड्यातल्या एका घरी, तीन संध्याकाळी

1985. हैदराबादच्या काचीगुड्यातल्या एका मराठी घराचा उंबरा तुम्ही ओलांडता. सरकत्या दारांच्या लाकडी खोक्यात कृष्णधवल टीव्ही, समोर सतरंजीवर अर्धी गल्ली. ‘हम लोग’ लागलंय. बसेसर राम पिऊन घरी येतो, बायको गप्प राहते. त्या गप्प बसण्यावर कुठलंही संगीत आदळत नाही. घरातल्या आजींना तेलुगू आणि दखनी सरावाची, ही दिल्लीकडची हिंदी जरा परकी. तरी त्या पदराने डोळे टिपतात. शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी चार शब्द बोलतात. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ही मालिका दीडशेहून थोड्या अधिक भागांत, याच वर्षाच्या डिसेंबरात संपेल.

2003. खोली तीच, आता केबल आली आहे. ई टीव्ही मराठी लावून नातू आजींना सांगतो, ‘ही वाहिनी इथूनच चालते, हयातनगरच्या पुढे, रामोजी फिल्म सिटीतून.’ त्यांना खरं वाटत नाही. मराठी बातम्या वाचणारी मुलं याच शहरात भाजी घेतात, बस पकडतात! पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून मराठी जपलेल्या घराला त्याचा केवढा अभिमान वाटतो, ते आजींच्या चेहऱ्यावर बघा.

मग ‘चार दिवस सासूचे’ सुरू होतं. रोहिणी हट्टंगडींची आशा देशमुख, कविता लाडची अनुराधा. अभिनय कसदार आहे, पण घर श्रीमंत झालंय आणि भांडण परिस्थितीशी उरलेलं नाही, ते सासू-सुनेत आलंय. रोज जाहिराती हव्यात म्हणून रोज भाग हवा, आणि भाग हवा म्हणून तिढा सुटता कामा नये. ही मालिका तीन हजारांवर भाग चालेल.

2021. रिमोट नातसुनेकडे. स्टार माँवर ‘कार्तिक दीपम’, स्टार प्रवाहवर ‘रंग माझा वेगळा’. दोन्हीकडे सावळी दीपा, डॉक्टर कार्तिक, सासू सौंदर्या. मूळ कथा मल्याळम ‘करुत्तमुत्तु’ची. काळ्या रंगावरून होणारा छळ घरोघरी दिसावा, हे मोलाचंच. पण नवऱ्याचा बायकोवरचा संशय फिटायला वर्षं जातात, आणि तेवढ्यात मूळ विषय मागे पडतो.

असा विषय दीडशे भागांत सांगून संपवणारी मराठी मालिका वाहिन्यांनी करावी. आणि तशी एखादी लागली, तर ती तुम्ही आवर्जून बघा.