गेलेल्या मैत्रिणींचे हसू

मंडळातील एखादी मैत्रीण गेली की आपण दोन मिनिटे उभ्या राहतो आणि दुखवट्याचा ठराव करतो. त्या ठरावात ती नुसती सद्गुणांची पुतळी होऊन बसते. जिच्या एका वाक्याने सारी सभा हसत असे, ती त्यात कुठेच सापडत नाही.

गेलेल्यांची आठवण कशी ठेवावी, हे आपल्या शेजारच्या राहुरीत आणि नगरला संसार केलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी (१८६८–१९३६) दाखवून दिले आहे. त्यांच्या घरात मुलासारखे वावरलेले बालकवी ठोंबरे १९१८ च्या मे महिन्यात भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात गेले. वर्षभरानंतर, ९ मे १९१९ रोजी, रेव्हरंड टिळकांनीही डोळे मिटले. पुढे १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग निघू लागले. त्यांत लक्ष्मीबाईंनी कोणालाच देव्हाऱ्यात बसविले नाही. सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेणारे वडील, हाती पैसा न टिकणारे, तापट पण मायाळू टिळक, सारे जसेच्या तसे उभे केले. सर्वांत अधिक हसल्या त्या स्वतःलाच. म्हणूनच ती माणसे आजही आपल्या ओसरीवर येऊन बसल्यासारखी वाटतात.

भगिनींनो, आपल्या गेलेल्या मैत्रिणींची एकेक हसवणारी गोष्ट लेकीसुनांना जरूर सांगूया. ठराव दप्तरात राहतो. गोष्ट घरोघर जाते.