जीव वाचल्यानंतर

चेन्नईहून बंगळूरकडे निघालेला महामार्ग सुमारे ४० किलोमीटरांवर श्रीपेरुंबुदूरला पोहोचतो. परंपरेप्रमाणे १०१७ मध्ये रामानुजाचार्यांचा जन्म झाला, ते हेच गाव. यात्रेकरूंना शतकानुशतके परिचित असलेला हा परिसर आता मोटारींच्या आणि विद्युत्-उपकरणांच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. जेथे यंत्रांची आणि वेगवान वाहनांची गर्दी, तेथे अपघातही ओघानेच आले. मणक्याला इजा झालेला कामगार किंवा पाय गमावलेला वाटसरू आज शस्त्रवैद्याच्या कौशल्याने पुष्कळदा वाचतो. परंतु टाके निघाले, जखम भरली, की त्याने घरी जाऊन करावयाचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधणारी वैद्यकाची एक स्वतंत्र शाखा आहे. भौतिक वैद्यक व पुनर्वसन हे तिचे नाव. या शाखेचे डॉक्टर कसे घडू लागले, तो इतिहास फार जुना नाही. उद्बोधक मात्र खचित आहे.

पाणी, उष्णता, वीज आणि व्यायाम यांचे उपचार पूर्वीपासून चालत आले होते; पण वैद्यकात त्यांना मानाचे स्थान नव्हते. अमेरिकेतील फ्रँक क्रुसेन यांना ऐन उमेदीत क्षयरोगाने गाठले. अंथरुणाला खिळलेला माणूस रोग हटल्यावरही दुबळाच राहतो, हे त्यांनी स्वतःच्या देहावर अनुभवले. याच क्रुसेन यांनी १९३६ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये या विषयाचा तीन वर्षांचा निवासी शिक्षणक्रम सुरू केला. पुढे महायुद्ध आले. मज्जारज्जूला दुखापत झालेले सैनिक पूर्वी शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या विकारांनी थोड्याच काळात दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी काटेकोर शुश्रूषेने ही समजूत खोटी पाडली. न्यूयॉर्कमध्ये हॉवर्ड रस्क यांनी युद्धकाळातला अनुभव नागरी रुग्णालयात आणला. १९४७ मध्ये अमेरिकेत या शाखेचे परीक्षामंडळ स्थापन झाले आणि तिला स्वतंत्र विशेषज्ञतेची मान्यता मिळाली.

आपल्या देशात या विद्येचा पाया मुख्यतः महाराष्ट्राच्या भूमीवर घातला गेला. जायबंदी सैनिकांसाठी पुण्यात १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र निघाले. मुंबईत पोलिओने पंगू झालेल्या मुलांसाठी फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये कार्य आरंभिले. त्यांची स्वतःची कन्या याच रोगाची बळी होती. १९५० मध्ये कमला निंबकर यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय काढले. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंनी निंबकरांच्या घरात पाऊल टाकले आणि हा देश आपला मानला. पाठोपाठ १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था मुंबईत स्थापन झाली. हाजी अलीजवळच्या या संस्थेत उपचाराबरोबर डॉक्टरांचे शिक्षणही होऊ लागले.

दक्षिणेत या कार्याचे केंद्र ठरले ते श्रीपेरुंबुदूरहून त्याच महामार्गाने सुमारे शंभर किलोमीटर पुढे असलेले वेल्लूर. तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील तरुण डॉक्टर मेरी वर्गीस १९५४ मध्ये मोटार-अपघातात सापडल्या आणि कमरेखाली कायमच्या लुळ्या झाल्या. कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती पुन्हा कामास लावणारे पॉल ब्रँड तेव्हा वेल्लूरलाच होते. त्यांच्या प्रोत्साहनाने मेरी वर्गीस चाकांच्या खुर्चीत बसून हातांच्या शस्त्रक्रिया करू लागल्या. पुढे त्यांनी न्यूयॉर्कला रस्क यांच्या संस्थेत शिक्षण घेतले आणि परतल्यावर १९६३ मध्ये वेल्लूरच्या पुनर्वसन विभागाची धुरा उचलली. १९६६ मध्ये तेथे रुग्णांना राहून शिकता येईल अशी पुनर्वसन संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लुळा पडलेला रुग्ण ‘आता माझे काय होणार?’ असे विचारी, तेव्हा उत्तर त्याच्यासमोर खुर्चीत बसलेले असे.

या शाखेची तीन वर्षांची एम. डी. पदवी आज अनेक ठिकाणी घेता येते. त्या काळात निवासी डॉक्टर काय शिकतो? रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, ही साधी गोष्ट तो प्रथम शिकतो. कारण तेवढ्या हयगयीने महिन्यांची मेहनत वाया जाते. मूत्राशय रिकामे करण्याची स्वच्छ पद्धत रुग्णालाच कशी शिकवावी, आखडलेले स्नायू औषधाने कसे सैल करावे, स्नायू व मज्जातंतूंची विद्युत्-तपासणी कशी करावी, कृत्रिम पाय कोणता आणि केव्हा द्यावा, हे सारे त्यात येते. पण खरा धडा निराळाच असतो. भौतिकोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ, कृत्रिम अवयव बनविणारा कारागीर, समाजसेविका आणि रुग्णाचे घरचे लोक यांच्या पंक्तीला त्याला बसावे लागते. काय गेले याची मोजदाद इतर शाखा करतात. काय उरले आहे आणि त्यावर कोणता संसार उभा राहील, याचा हिशेब त्याने मांडावयाचा असतो.

या हिशेबाची निकड ओसरलेली नाही. २०११ नंतर देशात पोलिओचा नैसर्गिक विषाणूमुळे झालेला एकही रुग्ण आढळला नाही आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. परंतु पोलिओची जागा रस्त्यावरच्या अपघातांनी आणि पक्षाघाताने घेतली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले. हक्क कागदावर वाढले, तरी ते देहापर्यंत पोहोचविणारा डॉक्टर अजून मोठ्या शहरांतच भेटतो. खेड्यातला जखमी शस्त्रक्रियेनंतर घरी परततो आणि पुष्कळदा खाटेवरच राहतो.

श्रीपेरुंबुदूरच्या रामानुजाचार्यांची एक कथा सर्वश्रुत आहे. गुरूने गुप्त ठेवावयास सांगितलेला मंत्र त्यांनी गोपुरावर चढून साऱ्या लोकांना सांगितला. विद्या मूठभरांपाशी राहू नये, हा त्या कथेचा आशय. पुनर्वसनाची विद्या मुंबई-वेल्लूरच्या चार भिंतींत जन्मली आणि वाढली. ती महामार्गालगतच्या प्रत्येक जिल्हा-रुग्णालयात पोहोचेल, तेव्हाच तिचे शिक्षण पुरे झाले असे म्हणता येईल.