तिचा ‘हो’ वहीत लिहिला गेला

साक्षगंध ठरलं की आपल्याकडे घरभर धावपळ सुरू होते. आहेर काय, मानपान कुणाचा, मांडव कुठं, सगळं विचारून होतं. मुलीला मात्र पुष्कळदा शेवटी विचारतात. म्हणून आज आपण कॅथलिक लोकांच्या लग्नाचा इतिहास पाहू. आपला यवतमाळ जिल्हा त्यांच्या अमरावती धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला.

कॅथलिक धर्मात सात संस्कार आहेत. लग्न त्यांतला एक. पण नवल असं, की हा संस्कार फादर देत नाहीत. नवरा-नवरी तो एकमेकांना देतात, सर्वांसमोर ‘हो’ म्हणून. फादर चर्चच्या वतीनं तो होकार विचारतात आणि ऐकतात.

जुन्या काळी युरोपात याच ‘हो’पायी बाया फसत. कुणी एकांतात वचन देई, संसार मांडी आणि पुढं कानावर हात ठेवी. साक्षीदार नाही, कागद नाही. दाद मागायची कुठं? मग १५६३ साली ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं नियम केला. लग्नाआधी तीन वेळा चर्चमध्ये जाहीर सांगायचं. धर्मगुरू आणि निदान दोन साक्षीदार हवेत. नावं वहीत लिहायची. पळवून आणलेली मुलगी त्या माणसाच्या ताब्यात असेपर्यंत तिचं त्याच्याशी लग्न होऊच शकत नाही, असंही ठरलं.

आपल्या महाराष्ट्रात वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचा अंमल होता. तेव्हा ही रीत तिथं आली. पोर्तुगीज गेले, रीत राहिली. वसईचे मराठी बोलणारे कॅथलिक आजही साक्षीदारांसमोर होकार देतात आणि नोंदवहीत सही करतात.

पण नुसत्या होकारानं सगळं भागलं नाही. हे बंधन आयुष्यभराचं, म्हणून चर्च घटस्फोट मानत नाही. होकार जबरदस्तीनं घेतला होता असं सिद्ध झालं, तर ते लग्न झालंच नव्हतं असं चर्चचं न्यायमंडळ ठरवू शकतं. तरी कायद्यानं मोकळं व्हायला कोर्टाचाच हुकूम लागतो. त्यात इंग्रजांनी १८६९ साली केलेला ख्रिस्ती लोकांचा घटस्फोट कायदा एकतर्फी होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला मात्र नुसता छळ किंवा नुसतं टाकून देणं पुरत नसे, त्यासोबत व्यभिचारही सिद्ध करावा लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयानं हा भेद घटनेविरुद्ध ठरवला. २००१ साली संसदेनं कायदा बदलला. सव्वाशेहून जास्त वर्षं गेली त्यात.

मैत्रिणींनो, धर्म कुठलाही असो, दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. सोयरीक पक्की करण्याआधी मुलीला एकटीला बसवून विचारू. ती अठरा वर्षांची नसेल तर विचारायचाही प्रश्न नाही, थांबायचं. आणि लग्न झालं की ग्रामपंचायतीत नोंद करू. लिहिलेला ‘हो’ उद्या तिच्याच कामी येतो.